हॅमर असलेल्या पिस्तुलाचा ट्रिगर सुधारताना आधी काय बदलावे?

तुम्ही लिहिले आहे ते असे: धावत, जागा बदलत मारायच्या स्पर्धांसाठी सहा महिन्यांपूर्वी पोलादी सांगाड्याचे, 9 मिलिमीटरचे, डबल ॲक्शन आणि सिंगल ॲक्शन अशा दोन्ही पद्धतींनी चालणारे पिस्तूल घेतले. पहिली फैर बहुधा खाली आणि डावीकडे जाते, दुसऱ्या फैरीपासून गोळ्या एका जागी पडू लागतात, आणि ट्रिगर ओढताना बोटाला खरखर जाणवते. यावर उपाय म्हणून हॅमर (मागचा आपटणारा भाग), सिअर (चढवलेला हॅमर अडवून धरणारा भाग), हलकी मेन स्प्रिंग (हॅमरला जोर देणारी), सपाट ट्रिगर आणि समायोजनाचे स्क्रू असा पूर्ण संच एकदम बसवावा आणि ट्रिगरची ओढ, म्हणजे तो ओढायला लागणारे वजन, दोन पौंडांपर्यंत खाली आणावी, असा तुमचा विचार आहे, आणि हे बरोबर आहे का असे तुम्ही विचारता.

माझे उत्तर असे आहे की पूर्ण संच एकदम बसवू नये, आणि दोन पौंडांचे उद्दिष्ट तूर्त बाजूला ठेवावे. पिस्तुलांच्या दुरुस्तीचे आणि जुळणीचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे, आणि माझ्याकडे बिघडून आलेल्या ट्रिगरांपैकी बहुतेकांमध्ये मूळ भाग वाईट नव्हते. एकाच वेळी पाच भाग बदलल्यामुळे कोणत्या भागाने काय केले हे मालकाला कळेनासे झाले होते. तुमच्या वर्णनात दोन वेगळे प्रश्न एकत्र आले आहेत. पहिल्या फैरीची चूक हा लांब ओढीचा आणि पकडीचा प्रश्न आहे, तर खरखर हा घर्षणाचा प्रश्न आहे. वजनाचा आकडा या दोहोंशी जोडलेला असला तरी दोहोंचे मूळ तिथे नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला तुमच्या प्रश्नातून कळलेल्या नाहीत. पिस्तूल केवळ स्पर्धेसाठी आहे की स्वसंरक्षणासाठीही वापरले जाणार आहे, यावर जवळजवळ प्रत्येक निर्णय फिरतो. काडतुसे कारखान्यातली वापरता की स्वतः भरता, हेही महत्त्वाचे आहे. तुमच्या देशाचा शस्त्र परवान्याचा कायदा अंतर्गत भाग बदलण्याविषयी काय म्हणतो, आणि ते काम परवानाधारक कारागिराकडूनच व्हावे लागते का, हे भाग मागवण्याआधी तपासून घ्या. तुम्ही मॉडेल सांगितलेले नाही, त्यामुळे पुढे जे लिहितो ते सर्वसाधारण रचनेला धरून आहे आणि जिथे मॉडेलनुसार फरक पडतो तिथे तसे सांगतो.

शब्दांविषयी एक खुलासा आधीच करतो. आपल्याकडे ‘घोडा’ हा शब्द कोणी बोटाने ओढायच्या भागासाठी वापरतात, तर कोणी मागच्या आपटणाऱ्या भागासाठी. या विषयात हा गोंधळ महागात पडू शकतो, म्हणून मी पहिल्याला ट्रिगर आणि दुसऱ्याला हॅमर असेच म्हणणार आहे.

सिंगल ॲक्शनमध्ये हॅमर आधीच मागे चढवलेला असतो. त्याच्या खाचेत सिअरचे टोक अडकलेले असते आणि ट्रिगर फक्त ते टोक खाचेतून बाहेर काढतो. डबल ॲक्शनमध्ये तोच ट्रिगर आधी मेन स्प्रिंग दाबत हॅमर मागे नेतो आणि मग सोडतो. पहिली फैर डबल ॲक्शनने सुटते; त्यानंतर मागे येणारी स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) हॅमर चढवते, म्हणून पुढच्या फैरी सिंगल ॲक्शनने सुटतात. म्हणजे डबल ॲक्शनचे वजन मुख्यतः मेन स्प्रिंगमधून येते, तर सिंगल ॲक्शनचे वजन सिअर आणि खाच यांची पकड, त्या पृष्ठभागांचा गुळगुळीतपणा आणि सिअरची स्प्रिंग यांतून येते. मेन स्प्रिंगचा वाटा तिथेही असतो, पण तो घर्षणाच्या वाटेने येतो. कारखान्यातून येणाऱ्या अशा पिस्तुलांची डबल ॲक्शन ओढ साधारण 10 ते 12 पौंड आणि सिंगल ॲक्शन ओढ 4 ते 5 पौंड असते. तुमची पहिली आणि दुसरी फैर यांच्यात इतकी तफावत असेल, तर हाताने दोन वेगळी कामे ओळीने करावी लागतात, आणि पहिली फैर भरकटते ती याच उडीमुळे.

ट्रिगरच्या एका ओढीतही अनेक टप्पे असतात. सुरुवातीचा मोकळा प्रवास, मग जिथे बोट अडते ती भिंत, भिंतीनंतर सिअर घसरत असताना जाणवणारी रेंगाळ, सुटण्याचा क्षण, सुटल्यानंतर ट्रिगर मागे जातो तो जादा प्रवास, आणि पुढच्या फैरीसाठी ट्रिगर पुढे येऊन जिथे टिक असा आवाज होतो तो रीसेट. ‘ट्रिगर जड आहे’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला मी नेहमी यांपैकी नेमका कोणता टप्पा खटकतो ते विचारतो, आणि बऱ्याचदा उत्तर मिळते ते रेंगाळ किंवा खरखर असे. चार पौंडांची स्वच्छ सुटणारी ओढ अडीच पौंडांच्या खरखरीत ओढीपेक्षा हलकी वाटते, हे मी स्वतःच्या बोटाने अनेकदा अनुभवले आहे आणि वजन मोजून ताडूनही पाहिले आहे.

म्हणून सर्वांत आधी मोजून घ्या. ट्रिगर गेज (ओढ मोजण्याचा काटा) घ्या, पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करा, आणि दोन्ही पद्धतींत प्रत्येकी दहा वेळा मोजून सरासरी काढा. गेजचा हुक ट्रिगरच्या वक्रावर प्रत्येक वेळी एकाच जागी अडकवा, कारण टोकाजवळ अडकवला तर तरफेचा फायदा मिळून आकडा कमी येतो आणि तुमची तुलना फसते. दहा आकड्यांमध्ये एकमेकांपासून मोठा फरक येत असेल, तर तीच मोठी खूण आहे: तिथे स्प्रिंगपेक्षा घर्षण, कचरा किंवा एखाद्या भागावरची बारीक धार हे कारण असण्याची शक्यता अधिक.

नव्या पिस्तुलाच्या आत कारखान्याचे संरक्षक तेल, धातूचे बारीक कण आणि न घासलेले कोपरे असतात. ते पूर्ण स्वच्छ करून ट्रिगर बार (ट्रिगरला सिअरशी जोडणारी पट्टी) जिथे सांगाड्याच्या आतल्या बाजूला घासतो, जिथे तो सिअरला भेटतो, आणि हॅमर ज्या दांड्यावर फिरतो तिथे योग्य वंगण लावा. त्यानंतर स्नॅप कॅप (सरावासाठीचे नकली काडतूस) घालून काही आठवडे रोज ड्राय फायर करा, म्हणजे जिवंत काडतुसाशिवाय ट्रिगर ओढण्याचा सराव करा. पिस्तूल आणि खोली यांत एकही जिवंत काडतूस नाही याची खात्री करून, आणि गोळी अडवू शकेल अशा भिंतीकडेच नळी रोखून. सीझेड 75 च्या कुळातल्या पिस्तुलांमध्ये तर स्नॅप कॅपशिवाय फार ड्राय फायर केल्यास फायरिंग पिनला (काडतुसाच्या तळावर ठोका देणाऱ्या सुईला) जागेवर धरणारी रोल पिन तुटते, म्हणून ती सूचना मी आवर्जून करतो. या साध्या सवयीने भागांचे संपर्कपृष्ठ एकमेकांना रुळतात आणि अर्धी खरखर एकही भाग न बदलता जाते. ड्राय फायर करताना पुढच्या साइटवर एक रिकामी पुंगळी उभी ठेवा. डबल ॲक्शनची पूर्ण ओढ संपेपर्यंत ती पडली नाही, तर तुमची पहिली फैरही खाली जाणार नाही. उजव्या हाताच्या नेमबाजाची फैर खाली डावीकडे जाते तेव्हा बहुतेक वेळा ट्रिगरबरोबर बाकीची बोटेही आवळली जात असतात. हे कोणत्याही संचाने सुटत नाही.

आता स्प्रिंगकडे येऊ, कारण खरा फायदा आणि खरा धोका दोन्ही तिथेच आहेत. सीझेड 75 कुळात कारखान्याची मेन स्प्रिंग साधारण 18 ते 20 पौंडांची असते आणि बाजारात 15, 13, 11.5 अशा पौंडांच्या स्प्रिंगा मिळतात. बेरेटा 92 मध्ये 20 पौंडांच्या आसपासच्या मूळ स्प्रिंगच्या जागी त्याच कंपनीच्या 92 डी या केवळ डबल ॲक्शन मॉडेलची सुमारे 16 पौंडांची स्प्रिंग बसवणे हा फार जुना आणि माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा बदल आहे. कारखान्याने ती प्रत्येक फैर डबल ॲक्शनने उडवणाऱ्या पिस्तुलासाठी निवडलेली असल्यामुळे प्रायमर (काडतुसाच्या तळाशी असलेली, ठोक्याने पेटणारी टोपी) पेटवण्याची तिची क्षमता आधीच तपासली गेलेली असते, आणि तरीही बोटाला फरक लगेच कळतो.

स्प्रिंग हलकी केली की हॅमरला मिळणारी ऊर्जा कमी होते आणि एका मर्यादेखाली प्रायमर पेटत नाही. इथे एक बारकावा आहे जो संचांच्या जाहिरातींत क्वचितच सांगितला जातो. बहुतेक पिस्तुलांत डबल ॲक्शनमध्ये हॅमर सिंगल ॲक्शनइतका मागे जात नाही. थोडा आधीच सुटतो. त्यामुळे डबल ॲक्शनचा ठोका मुळातच कमकुवत असतो आणि स्प्रिंग हलकी केल्याचा त्रास सर्वांत आधी तुमच्या पहिल्या फैरीला होतो, म्हणजे ज्या फैरीसाठी तुम्ही हा सगळा खटाटोप करत आहात तिलाच. म्हणून माझ्याकडे नवी स्प्रिंग बसवलेले पिस्तूल आले, की मी चाचणीच्या सर्व फैरी डबल ॲक्शनमध्येच उडवतो, प्रत्येक फैरीनंतर हॅमर सुरक्षितपणे खाली घेऊन. निदान 200 फैरी, आणि त्या मालक प्रत्यक्ष वापरणार असलेल्या काडतुसांच्या. फेडरलचे प्रायमर मऊ म्हणून नेमबाजांमध्ये ओळखले जातात आणि हलक्या स्प्रिंगवरही पेटतात. दुसऱ्या एखाद्या कंपनीच्या कठीण प्रायमरवर तीच स्प्रिंग नापास होऊ शकते. तेव्हा ‘माझ्याकडे 11.5 पौंडांची स्प्रिंग छान चालते’ असे कोणी सांगितले, तर आधी कोणत्या काडतुसांवर, हे विचारायला हवे.

एखादी फैर उडाली नाही तर नळी लक्ष्याच्या दिशेने तशीच धरून किमान 30 सेकंद थांबा, मग काडतूस काढून प्रायमरवरची खूण पाहा. खूण उथळ असेल तर दोष ठोक्याचा. पण खूण बऱ्यापैकी खोल असेल आणि तेच काडतूस दुसऱ्या ठोक्याला पेटत असेल, तर प्रायमर पुरेसा खोल बसवलेला नव्हता असा संशय घ्यावा. पहिला ठोका त्याला जागेवर बसवण्यात खर्च होतो. स्वतः काडतुसे भरणाऱ्यांमध्ये मला हे कारण वारंवार दिसते, आणि ते बिचारे प्रत्येक वेळी स्प्रिंगलाच दोष देत असतात.

मेन स्प्रिंगचे आणखी एक काम असते, आणि त्याचा विचार फार थोडे लोक करतात. गोळी सुटल्यावर स्लाइड मागे येते ती हॅमर चढवत येते, म्हणजे मेन स्प्रिंग तिला सुरुवातीच्या क्षणी अडवत असते. ती स्प्रिंग हलकी झाली की स्लाइड अधिक वेगाने मागे येते, पुंगळी लांब उडते आणि सांगाड्यावरचा आघात वाढतो. दोन-तीन पौंडांच्या फरकाने सहसा बिघडत नाही, पण मोठा फरक केला असेल तर रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड परत पुढे ढकलणारी) योग्य आहे का ते पाहावे लागते.

ट्रिगर परत पुढे आणणारी स्प्रिंग, सिअरची स्प्रिंग आणि फायरिंग पिनची स्प्रिंग यांच्याबाबत मी अधिक कडक आहे. ट्रिगर परतीची स्प्रिंग हलकी केली तर ओढ थोडी कमी होते, पण रीसेट ढिला होतो आणि वेगाने मारताना ट्रिगर बोटामागे राहतो. बेरेटा 92 आणि सीझेड 75 या दोन्ही कुळांत ही स्प्रिंग थकून तुटण्याची उदाहरणे सर्वपरिचित आहेत, म्हणून ती वजनासाठी नव्हे तर ठरावीक वापरानंतर ताजी म्हणून बदलावी. फायरिंग पिनची स्प्रिंग हलकी करण्याच्या भरीस पडू नका. ज्या पिस्तुलांत फायरिंग पिन अडवणारा ब्लॉक नसतो, तिथे पिस्तूल हातातून पडल्यावर पिनला प्रायमरपासून दूर ठेवण्याचे काम याच स्प्रिंगवर असते.

आता हॅमर आणि सिअर. सिंगल ॲक्शनची खरी गुणवत्ता या दोन भागांच्या काही दशांश मिलिमीटरांच्या भेटीत ठरते, आणि घरी बसून कानशीने किंवा घासदगडाने ती सुधारण्याचा मोह तुम्ही टाळावा, हे मी कळकळीने सांगतो. या भागांचे पृष्ठभाग उष्णतेने कठीण केलेले असतात आणि बऱ्याच भागांत तो कठीण थर फार पातळ असतो. घासताना तो निघून गेला तर पहिले काही दिवस ट्रिगर रेशमासारखा वाटतो, मग खालचा मऊ धातू झिजू लागतो आणि सिअरची पकड फैरीगणिक कमी होत जाते. घासताना कोन किंचितही चुकला तरी परिणाम त्याहून वाईट होतो.

तो कोन बरोबर आहे की नाही, हे भाग न उघडताही पाहता येते. पिस्तूल रिकामे करून हॅमर चढवा आणि अतिशय हळू ट्रिगर ओढत हॅमरकडे बाजूने पाहा. सुटण्याआधी हॅमर किंचित मागे सरकत असेल तर पकड धन आहे; ती सुरक्षित असते, मात्र त्यामुळे ओढ थोडी जड होते. हॅमर जागेवरच राहून सुटत असेल तर पकड समतोल आहे. हॅमर सुटण्याआधी पुढे सरकताना दिसला, तर पकड ऋण आहे, म्हणजे मेन स्प्रिंग स्वतःच सिअरला बाहेर ढकलण्याच्या बाजूने काम करते आहे. असे पिस्तूल मी मालकाला परत देत नाही. भाग बदलूनच देतो.

काही वर्षांपूर्वी एका नेमबाजाने माझ्याकडे असेच एक पिस्तूल आणले होते. सिअर त्याने स्वतःच घासला होता, ओढ दोन पौंडांच्याही खाली आली होती आणि तो खूश होता. रेंजवर त्याने एकदाच ट्रिगर ओढला आणि दोन फैरी उडाल्या. दुसरी गोळी लक्ष्याच्या वर, मातीच्या बांधाच्या कडेला लागली. कोणाला इजा झाली नाही, पण तो माणूस माझ्यासमोर बसला तेव्हाही त्याचा हात थरथरत होता. भाग उघडल्यावर सिअरची कड गोल झालेली दिसली. स्लाइड बंद होण्याच्या धक्क्याने हॅमर तिथून निसटला होता. हा प्रसंग मी कोणाला घाबरवण्यासाठी सांगत नाही. हलका ट्रिगर आणि निसटणारा ट्रिगर यांतले अंतर किती कमी असते, ते मला त्या दिवशी पुन्हा एकदा दिसले. तुम्हाला हॅमर आणि सिअर बदलायचेच असतील, तर एकाच निर्मात्याने एकत्र जुळवलेली जोडी घ्या आणि ती तुमच्या सांगाड्यात अनुभवी कारागिराकडून बसवून घ्या. ‘थेट बसणारे’ असे लिहिलेले भागही प्रत्येक सांगाड्यात तसेच बसतील असे नसते, कारण दांड्यांच्या भोकांच्या जागा पिस्तुलागणिक सूक्ष्मपणे बदलतात.

सपाट ट्रिगरविषयी माझे मत सौम्य आहे. वजनावर त्याचा थेट परिणाम फारसा नसतो; बोट थोडे खाली टेकत असेल तर तरफेमुळे ओढ हलकी जाणवते. त्याचा खरा उपयोग बोटाच्या पोहोचीत आहे. डबल ॲक्शनच्या सुरुवातीला ट्रिगर फार पुढे असतो, आणि हात लहान असेल तर बोटाचे केवळ टोकच त्याला लागते आणि माणूस पकड फिरवून ते अंतर भरून काढतो. तुमची पहिली फैर भरकटण्यामागे हेही असू शकते. तेव्हा पहिल्यांदा पातळ ग्रिप पॅनेल आणि कमी पोहोचीचा ट्रिगर यांचा विचार करा. मोकळा प्रवास आणि जादा प्रवास कमी करणाऱ्या स्क्रूंच्या बाबतीत मात्र अति करू नये: जादा प्रवासाचा स्क्रू प्रमाणाबाहेर आवळला तर सिअर हॅमरच्या वाटेतून पूर्ण बाजूला होत नाही आणि अर्ध्या खाचेवर (हॅमर निसटल्यास त्याला मध्येच अडवणाऱ्या खाचेवर) आपटून तिची कड मोडतो, मोकळ्या प्रवासाचा स्क्रू प्रमाणाबाहेर आवळला तर रीसेट होत नाही किंवा सुरक्षा खटका नीट लागत नाही. बसवताना थोडी सूट ठेवा आणि स्क्रू धागा पकडणाऱ्या द्रावाने जागेवर पक्का करा, कारण धक्क्यांनी तो फिरतो.

मॉडेलनुसारचे फरक थोडक्यात सांगतो. 1975 मधल्या मूळ सीझेड 75 मध्ये फायरिंग पिनचा ब्लॉक नव्हता. नंतरच्या 75 बी मध्ये तो आला आणि त्याच्या घर्षणामुळे ओढीत किंचित खरखर वाढली. काही लोक तो काढून टाकतात. पिस्तूल घराबाहेर नेले जाणार असेल तर मी हे काम करत नाही, मग मालक कितीही आग्रह करो. सिग पी 226 मध्ये कंपनीचाच छोट्या रीसेटचा संच मिळतो. तो वजन फारसे बदलत नाही, रीसेटचे अंतर मात्र बरेच कमी करतो, आणि वेगाने मारणाऱ्याला तेवढेच पुरते. ब्राउनिंग हाय पॉवरमध्ये मॅगझिन काढल्यावर ट्रिगर बंद करणारी रचना मॅगझिनच्या पुढच्या बाजूवर घासते. तिथे ती रचना न काढता मॅगझिनचा तेवढा पृष्ठभाग गुळगुळीत केला तरी ओढ सुधारते. 1911 या मॉडेलचे पिस्तूल तुमच्यापेक्षा पूर्णपणे वेगळ्या जातीचे आहे, कारण हाय पॉवरसारखे तेही फक्त सिंगल ॲक्शन आहे. तिथे वजनाचा मोठा भाग तीन पात्यांच्या सपाट स्प्रिंगवर असतो, आणि जड पोलादी ट्रिगर स्लाइड बंद होण्याच्या धक्क्याने स्वतःच्या जडत्वामुळे मागे सरकू शकतो, म्हणून ओढ फार हलकी करायची असेल तर ट्रिगरही हलका लागतो. तुमच्या पिस्तुलासाठी 1911 विषयीचे सल्ले जसेच्या तसे उचलू नका.

कोणताही भाग बदलल्यावर पिस्तूल रेंजवर नेण्याआधी मी काही तपासण्या करतो, आणि त्या वगळून आजवर एकही पिस्तूल मालकाच्या हाती दिलेले नाही. सर्व काही रिकाम्या पिस्तुलावर, जिवंत काडतुसे दुसऱ्या खोलीत. हॅमर चढवून त्याला मागून अंगठ्याने जोर देऊन पुढे ढकलतो. तो हलता कामा नये. सुरक्षा खटका लावून ट्रिगर जोरात ओढतो, सोडतो, मग खटका काढतो आणि हॅमर हळूच मागे नेतो. त्या वेळी बारीक टिक ऐकू आली तर सिअर मधल्या वेळात थोडा सरकला होता, आणि खटका पुन्हा जुळवावा लागतो. ट्रिगर ओढून धरूनच स्लाइड हाताने मागे-पुढे करतो. ट्रिगर सोडेपर्यंत आणि सोडतानाही हॅमर पडता कामा नये, आणि सोडल्यावर रीसेटचा आवाज स्पष्ट आला पाहिजे. मॅगझिनमध्ये डमी काडतुसे भरून स्लाइड पूर्ण वेगाने दहा-पंधरा वेळा बंद होऊ देतो. एकदाही हॅमर तिच्याबरोबर खाली आला तर काम तिथेच थांबते. स्लाइड वेगळी करून, ब्लॉक न दाबता फायरिंग पिन मागून ढकलतो. टोक पुढे दिसता कामा नये. डीकॉकर (फैर न उडवता हॅमर उतरवणारा खटका) असेल तर नळी वर करून तिच्यात खोडरबराच्या बाजूने पेन्सिल सोडतो आणि डीकॉकर दाबतो. पेन्सिल जागची हलता कामा नये, आणि नंतर ट्रिगर ओढल्यावर ती उडाली पाहिजे.

रेंजवर पहिल्यांदा मॅगझिनमध्ये दोनच काडतुसे भरतो, कारण ट्रिगर एकदा ओढून दोन फैरी उडाल्या तर निदान तिसरी उरणार नाही. असे काही घडले तर ‘पुन्हा एकदा पाहू’ असा विचार न करता पिस्तूल रिकामे करून परत उघडायचे.

आता तुमच्या दोन पौंडांविषयी. दोन पौंड म्हणजे सुमारे 907 ग्रॅम. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या 25 मीटर स्टँडर्ड पिस्तूल प्रकारात, जिथे खेळाडू स्थिर उभा राहून कागदी लक्ष्यावर नेम धरतो, तिथेही ट्रिगरचे किमान वजन 1000 ग्रॅम ठरवलेले आहे. तुम्ही धावत, जागा बदलत, दोन्ही हातांनी मारायच्या पिस्तुलासाठी त्याहून हलकी ओढ मागत आहात. आयपीएससी या धावत-फिरत मारायच्या नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या प्रॉडक्शन विभागात उतरायचे असेल तर पहिल्या फैरीची किमान ओढ 2.27 किलो, म्हणजे 5 पौंड, असा नियम बराच काळ होता. संच मागवण्याआधी त्या वर्षीची नियमपुस्तिका आणि मंजूर बदलांची यादी जरूर पाहा, कारण काही बदलांमुळे पिस्तूल थेट खुल्या विभागात ढकलले जाते. त्याच विभागात हॅमर पूर्ण खाली घेऊन सुरुवात करावी लागते, आणि डीकॉकर नसलेल्या पिस्तुलात भरलेल्या चेंबरवर हॅमर अंगठ्याने उतरवावा लागतो. हे करताना ट्रिगर दाबलेलाच असतो. अतिशय हलक्या ट्रिगरवर आणि घामेजलेल्या अंगठ्याने हे काम करताना हॅमर निसटला, तर नळी कुठे रोखली आहे यावरच सगळे अवलंबून राहते.

स्पर्धेच्या डबल ॲक्शन–सिंगल ॲक्शन पिस्तुलासाठी मी साधारण 6 ते 7 पौंडांची डबल ॲक्शन ओढ आणि 3 पौंडांच्या आसपासची सिंगल ॲक्शन ओढ गाठण्याचा प्रयत्न करतो, आणि तीसुद्धा कारखान्याच्या काडतुसांवर भरवसा टिकत असेल तरच. पिस्तूल स्वसंरक्षणासाठीही असेल, तर सिंगल ॲक्शन 4 पौंडांखाली नेत नाही आणि मेन स्प्रिंग एकाच पायरीने उतरवतो. हे माझे आकडे आहेत. दुसऱ्या एखाद्या अनुभवी कारागिराचे अर्ध्या पौंडाने वेगळे असतील, आणि त्यालाही त्याची कारणे असतील.

तर तुमच्यासाठी क्रम असा: आधी मोजमाप आणि स्वच्छता, मग महिनाभर पुंगळीसह ड्राय फायर. त्यानंतर फक्त मेन स्प्रिंग, एका पायरीने खाली, आणि डबल ॲक्शनमध्ये 200 फैरी. पहिली फैर तरीही भरकटत असेल तर पोहोच कमी करणारा ट्रिगर. हॅमर आणि सिअरची जोडी सर्वांत शेवटी, तीही सिंगल ॲक्शनमधली रेंगाळ तोपर्यंत खटकत राहिली तरच. प्रत्येक बदलानंतर दहा वेळा मोजून आकडे वहीत तारखेसह लिहा आणि काढलेला मूळ भाग चिठ्ठी लावून जपून ठेवा. पिस्तुलाचे मॉडेल, तुमची काडतुसे आणि मेन स्प्रिंग बदलण्याआधीचे दहा आकडे कळवलेत, तर कोणत्या पौंडाची स्प्रिंग घ्यावी हे मी नेमके सांगू शकेन.